घुबडापुढची हजेरी

वामनकाका, बाई जेवते आहे. हे आधी सांगते, कारण तुम्ही हेच आधी विचारलं असतं. तुम्ही गेलात त्या सकाळी वन्यजीव उपचार केंद्रातल्या माणसानं तिच्यापुढे दोन उंदीर ठेवले आणि तिनं दोन्ही खाल्ले. दुसऱ्या दिवशीही खाल्ले. तुमच्या वाटेकडे डोळे लावून ती उपाशी बसली, असं लिहायला मला आवडलं असतं. लोकांना तसं वाचायला आवडतं. पण घुबडाच्या तोंडी आपलं बोलणं घालायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. तिला भूक लागली, तिनं खाल्लं.

मी दोन दिवस जेवले नाही. तुम्हाला कळलं असतं तर म्हणाला असतात, "काहून वं? घुबडाले जेवढी अक्कल हाय तेवढीही नाही का तुले?"

आज चोवीस दिवस झाले. काल नंदनवन वस्तीतल्या शाळेत हजेरी होती. ती कशी झाली ते सांगायचं आहे. आणि त्याआधी आपलं ते भांडण पुढे न्यायचं आहे, जे तुम्ही खोकत खोकत अर्ध्यावर सोडलंत.

आपली ओळखच भांडणानं झाली. त्याच शाळेच्या फाटकावर मी पत्रकं वाटत होते. "वन्यजीव म्हणजे तमाशा नव्हे", जाड टायपात. कोणी एक म्हातारा सोनार वनखात्याची परवानगी काढून हातावर घुबड घेऊन शाळाशाळांतून फिरतो, असं आमच्या प्राणिमित्रांच्या ग्रुपवर आलं होतं. माझं डोकं फिरलं. तुम्ही स्कूटरवरून उतरलात, मागे जीपमधून वनरक्षक झाकलेला पिंजरा घेऊन आला. मी तुमच्या हातात पत्रक कोंबलं. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून ते उभ्या उभ्या वाचलंत. दोन्ही बाजू वाचल्यात. मग पिंजऱ्याचं दार उघडून बाईच्या बैठकीखाली ते नीट अंथरलंत.

"कागद चांगला हाय," म्हणालात. "शोषून घेते. असे अजून हायेत का?"

मला इतका राग आला की मी आत येऊन पहिल्या ओळीत बसले, पुरावे गोळा करायला. तिथून पुढची चार वर्षं मी तुमच्यासोबत होते.

ज्यांनी बाईला पाहिलं नाही त्यांच्यासाठी लिहिते. ती गव्हाणी घुबड. पांढरं, बदामासारखं तोंड. इतवारी बाजारातलं एक जुनं गोदाम पाडताना पिल्लू सापडलं, आणि एका घरानं ते कूलरच्या रिकाम्या खोक्यात वाढवलं. दूध-पाव भरवून. घुबडाला दूध-पाव! हाडं वाकली, पंख नीट उघडेना, आणि आपण माणूसच आहोत अशी तिची समजूत झाली ती कायमची. आजही दुसरं घुबड दिसलं की ती घाबरते आणि माणूस दिसला की हाक मारते. तिला सोडता येत नाही. सोडली तर पहिल्याच छतावर, पहिल्याच माणसाकडे जाईल, आणि तो माणूस कोण असेल सांगता येत नाही. दिवाळीच्या आधी बळी द्यायला घुबडं विकत घेतली जातात, हे या शहरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही.

त्या घरावर खटला भरा, असं मी तेव्हा म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, "भर. पण पहिले त्याइची पोट्टी इथं येऊन रडते ते पाह्य." ती मुलगी दर महिन्याला केंद्राच्या जाळीबाहेर येऊन उभी राहायची. मी पाहिलं. खटल्याचं मत मी बदललं नाही, पण पत्रक लिहिलं नाही.

"बाई" म्हणायचात, पण तिचं नाव तुम्ही ठेवलं नाहीत. मुलं विचारायची, "सर, हिचं नाव काय?" तुम्ही म्हणायचात, "तिनं सांगितलं नाही. तुमचं सांगा बरं तिले."

आणि वर्ग गप्प व्हायचा.

कारण आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं की घुबडाच्या कानावर आपलं नाव पडू द्यायचं नसतं. घुबड ते नाव धरून ठेवतं, रोज घेतं, आणि ज्याचं नाव तो माणूस झिजत झिजत जातो. माझी आई बौद्ध, शिकलेली, नर्स. तीही पिंपळावर घुबड बोललं की मला नावानं हाक मारायची नाही, "ए इकडे ये" म्हणायची. मी या समजुतीवर चार पत्रकं लिहिली होती. विज्ञान, पुरावे, कंसात कंस. कोणाची भीती गेली नाही. आईचीसुद्धा नाही.

तुम्ही काहीच समजावलं नाहीत. बाईला हातमोज्यावर घेतलंत, तिच्या तोंडाजवळ तोंड नेलंत आणि सांगितलंत, "मी वामन." मग खिशातून वही काढून वर पहिल्या ओळीत लिहिलंत: वामन. "आता कोन?"

एकेक करून पोरं पुढे आली. काही रडवेली, काही शेजाऱ्याला ढकलत. प्रत्येकानं घुबडाला नाव सांगितलं, तुम्ही लिहून घेतलंत. आणि म्हणालात, "पुढल्या वर्षी याच महिन्यात मी येईन. बाई पण येईन. हजेरी घेऊ. पाहू कोन कोन उरलं."

मी घरी जाताना तुम्हाला झापलं होतं. लहान मुलांना वर्षभर भीतीत ठेवायचं, ही काय पद्धत? तुम्ही म्हणालात, "भीती त मी आणली नाही. ते घरूनच आणते. मी फक्त तिले तारीख देल्ली."

पुढच्या वर्षी तुम्ही त्याच शाळेत गेलात. बाईला हातावर घेऊन वही उघडली. "वामन," स्वतःच वाचलंत, स्वतःच म्हणालात, "हजर." आणि मग एकेक नाव, एकेक हजर, शेवटी शेवटी तर बाकांवर उभं राहून. त्या दिवशी मला कळलं की मी आयुष्यात एकही पत्रक कामाचं लिहिलेलं नाही. हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

सेजलचा दिवस आठवतो? तिसरीत नाव सांगितलेली पोरं चौथीत आली होती, त्या वर्गाची पहिलीच हजेरी. "सेजल," तुम्ही वाचलंत. उत्तर नाही. पुन्हा वाचलंत. मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणालं, "सर, तिले घुबडानं नेलं." आणि अख्खा वर्ग बाईपासून एक हात मागे सरकला.

मी म्हटलं, "काका, आज आली नसेल, पुढचं नाव घ्या."

तुम्ही वही मिटलीत. बाईला पिंजऱ्यात ठेवून वनरक्षकाला तिच्याजवळ सावलीत बसवलंत, वर्गाच्या मॅडमना सांगितलंत की कोणालाही घरी सोडू नका, आणि मला म्हणालात, "बस स्कूटरवर."

सेजलच्या घराला कुलूप होतं. शेजारणीनं ओट्यावरून सांगितलं, पहाटेपासून पोरगी रडत होती, आता मायलेकी इतवारीत गेल्या. मी, चार पत्रकांची लेखिका, मनात म्हणत होते, काही झालं तर नसेल ना. तुम्ही विचारलंत, "रडत कायले होती?" "कान टोचायचे हायेत ना तिचे," शेजारीण म्हणाली. तुम्ही हसला नाहीत. फक्त स्कूटरला किक मारलीत आणि रस्ताभर बडबडत राहिलात, "कान टोचायले गेली म्हणते. माह्याच धंद्यानं माह्या खेळाचा घात केला."

सराफ्यात तुम्ही तिसऱ्याच दुकानात तिला गाठलंत. तिथला कारागीर तुमच्याच हाताखाली शिकलेला. सेजल स्टुलावर, दोन्ही कान लाल, सोन्याची तार नुकतीच वळवलेली, गालांवर अश्रू वाळलेले. तिच्या आईला काही समजेना.

"आता? शाळेत? आज सुट्टी सांगितली ना जी मी."

"हजेरी राहिली बाई," तुम्ही म्हणालात. "छत्तीस पोट्टे खोळंबले हायेत."

दोघींना ऑटोत बसवलंत, पुढे स्कूटर. सेजल वर्गात आली आणि तशीच, कान धरून, बाईसमोर जाऊन म्हणाली, "हजर. पण दुखते." त्या वर्गानं जो आवाज केला त्यानं बाईनं पिसं फुलवली. तुम्ही वहीत तिच्या नावापुढे "ह" लिहिलात आणि शेजारी कंसात, "कान".

मी तुमच्या हातांबद्दल कधी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. संक्रांतीनंतर केंद्रात नायलॉन मांजात अडकलेली घुबडं यायची. अर्धं शहर गच्चीवर "ओ काट" ओरडत असतं आणि कापलेला तो दोरा महिनोन् महिने झाडांत लटकत राहतो, सुरीसारखा. मी विकणाऱ्यांच्या दुकानांपुढे धरणं धरायचे. तुम्ही केंद्रात बसायचात. डॉक्टर जखम शिवायचे. जखम भरल्यावर पिसांचं काम तुमचं. तुटलेलं पीस जागच्या जागी कापायचं, बाईचं किंवा दुसऱ्या कुठल्या गव्हाणीचं गळालेलं पीस घ्यायचं, तेच, त्याच पंखाचं, तेवढ्याच लांबीचं. बांबूची सुईएवढी काडी तासून दोन्ही पिसांच्या पोकळ नळ्यांत बसवायची, एक थेंब गोंद, आणि सांधा दिसता कामा नये. चाळीस वर्षं तुम्ही दागिन्यांचे सांधे असेच लपवलेत. गळालेली पिसं तुम्ही हाराच्या लांब डब्यांत ठेवली होतीत, लाल मखमलीवर, डावी वेगळी, उजवी वेगळी. मिहानच्या कंपन्यांपलीकडच्या माळावर दिवेलागणीला तुम्ही खोकं उघडलंत की घुबड जायचं ते आवाज न करता. आणि तुम्ही त्याच्याकडे पाहायचाच नाहीत. कान लावायचात. "आवाज आला नाही म्हणजे सांधा बरोबर बसला," म्हणायचात.

यंदाची संक्रांत तुमच्याशिवाय झाली. एका गव्हाणीची दोन पिसं मी सांधली, डॉक्टरांनी धरलं होतं. एक मी उलटं बसवलं. पुन्हा काढावं लागलं. घुबड अजून केंद्रातच आहे.

आता आपलं भांडण.

दिवाळीनंतर तुमचा खोकला वाढला. पायऱ्या चढताना तुम्ही मध्ये थांबायला लागलात आणि थांबलो नाही असं दाखवण्यासाठी भिंतीवरचे पोस्टर वाचायला लागलात. डॉक्टरनं फुप्फुसाचा फोटो काढला. एके दुपारी तुमच्या घरी मी ते बोलले. मी म्हटलं, "काका, हा खेळ बंद करा. दर यादीत पहिलं नाव तुमचं आहे. तुम्ही एक दिवस मरालच, आणि त्या दिवशी प्रत्येक शाळेत, प्रत्येक पोराला वाटेल की घुबडानं घेतलं. जेवढं कमावलं तेवढं एका दिवसात जाईल. हे पैजेवर उभं केलेलं काम आहे आणि पैज तुम्ही हरणार आहात."

मंदाकाकू भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. तुम्ही खोकलात, पाणी प्यायलात.

"मंग तू जाशीन," म्हणालात.

"मी? मला हे पटतच नाही. मला आजही वाटतं की घुबड लोकांसमोर नेऊ नये."

"हाव. म्हणूनच तू जाशीन."

मी चप्पल घातली आणि निघून आले. याचा अर्थ काय, हे मी विचारलं नाही. नंतर तुम्ही दवाखान्यात होतात, नाकाला नळी होती, आणि मी मांजाच्या बातम्या सांगत बसले. तुम्ही मान हलवत राहिलात. दोघांनीही तो विषय काढला नाही.

आणि मी म्हटलं होतं तसंच झालं. तेरवीच्या पंगतीत, तुमच्याच अंगणात, वांग्याची भाजी वाढता वाढता एक शेजारी म्हणाले, "रोज घुबडाले नाव सांगत होते ना गा वामनराव. मंग ते सोडते का?" दोघं-तिघं मान डोलावून जेवत राहिले. माझ्या हातात पाण्याचा जग होता. तो मी त्यांच्या पानात ओतणार होते, खरंच. त्याआधी मंदाकाकू स्वयंपाकघराच्या दारातून बोलल्या. आवाज चढवला नाही.

"चाळीस वर्षं तेजाबाचा धूर गिळला त्याइनं. फुंकणी फुंकून फुंकून छाती पोकळ केली. ते कोनाले नाही दिसलं. घुबड दिसलं."

ते शेजारी मान खाली घालून जेवले. पण पटलं कोणाला? तिसऱ्या दिवशी शाळेतून मॅडमचा फोन. पालक ऐकत नाहीत. पक्षी आणा, माहिती सांगा, पण ती हजेरी नको. मी हो म्हटलं, आणि बसून पत्रक लिहायला घेतलं. सोनारकामातला धूर, फुप्फुसाचे आजार, घुबडाचं आयुष्य, सगळं. दोन पानं झाली. मंदाकाकूंना दाखवायला नेलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, तुमच्यासारखं, दोन्ही बाजू.

"बरं लिहिलं," म्हणाल्या. "सगळं खरं हाय. पण हे वाचून कोन भ्यायचं थांबते?"

आत गेल्या आणि वही घेऊन आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत, रबर लावून. "त्याइनं तुह्यासाठी ठेवली असं म्हणत नाही मी. ते काही बोलले नाही. पण इथं ठेवून मी काय करू?"

मॅडमना मी सांगितलं की हजेरी होणार, नको असेल तर आम्ही येत नाही. त्यांनी पालकांचं पुन्हा सांगितलं. मग म्हणाल्या, "या. मी दार उघडं ठेवते. ज्याला बाहेर जायचं तो जाईल."

तर काल. बाई माझ्या डाव्या हातावर. तुमच्या हातावर ती हलकी दिसायची, माझ्यावर जड वाटते. माझंच कोपर सरळ राहत नाही. पोरं आता पाचवीत. कोणी बाहेर गेलं नाही, पण कोणी पुढेही आलं नाही. खिडकीबाहेर पाच-सहा आया उभ्या. मी भाषण तयार करून नेलं होतं. ते केलं नाही. वही उघडली, आणि पहिली ओळ समोर आली.

काका, ती ओळ गाळावी असं मला वाटलं. खरं सांगते. दुसऱ्या नावापासून सुरू केलं असतं तर कोणी काही म्हटलं नसतं. पण पोरं त्या ओळीचीच वाट बघत होती. त्यांना यादी पाठ होती.

"वामन," मी वाचलं.

बाईनं तोंड फिरवलं, माझ्याकडे. नाव ऐकून नाही, मी तिच्या कानाशी बोलले म्हणून. मी वर्गाकडे बघितलं आणि म्हटलं, "गैरहजर. काका वारले. फुप्फुसं खराब झाली होती, भट्टीच्या धुरानं. चार वर्षं मी त्यांना खोकताना ऐकलं आहे. तुम्हीपण ऐकलं आहे." आणि वहीत लिहिलं. पेन दोनदा घसरलं.

दुसरं नाव वाचलं. तो मुलगा समोर बसला होता, मला दिसत होता, आणि बोलेना. तिसरं नाव. तेही नाही. चौथं. सदतीस जिवंत मुलं आणि एकही हजर नाही. मी पुढे वाचत राहिले कारण दुसरं काय करायचं ते मला येत नाही. सेजलपर्यंत आले.

ती उठली. कानात आता छोट्या रिंगा. कमरेवर हात ठेवून वर्गाकडे वळली, माझ्याकडे नाही.

"तुमच्याइसाठी सर मले इतवारीतून घेऊन आले होते," म्हणाली. "कान दुखत होते तरी आली होती मी. आता तुम्ही इथंच बसून तोंड नाही उघडून राहिले? हजर, ताई."

मग यादीतला पहिला मुलगा म्हणाला, माह्यं राहिलं. मी परत वरून सुरू केलं. हजर, हजर, हजर. बाकांवर कोणी चढलं नाही. दोघी रडत म्हणाल्या. पण सदतीसच्या सदतीस म्हणाले, आणि खिडकीतल्या आयांनी मोजले, मी त्यांचे ओठ हलताना पाहिले.

शेवटी मी बाईला माझं नाव सांगितलं. चार वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. तुमच्या लक्षात आलं होतं का? तुम्ही कधी विचारलं नाहीत. मला पटत नाही म्हणून सांगत नाही, असं मी स्वतःला सांगायचे. काल नाव सांगायला वाकले आणि मान आपोआप मागे गेली, तेव्हा कळलं की पटण्याचा संबंध नव्हता. "मी प्रज्ञा," म्हटलं. तिनं एकदा डोळे मिटले, उघडले. मी यादीच्या तळाशी नाव लिहिलं.

आणि हो, मला अजूनही वाटतं की घुबड लोकांसमोर नेऊ नये. पुढची बाई कोणी खोक्यात वाढवू नये म्हणून ही बाई न्यावी लागते, हे तुमचं म्हणणं मला कळतं. कळतं म्हणजे पटतं असं नाही. मंगळवारी दुसरी शाळा आहे. मी जाते आहे.

आवराआवर करताना सेजल टेबलाशी आली. वहीत डोकावली.

"ताई, सरांचं नाव खोडायचं ना आता?"

"नाही."

"पुढल्या वर्षी पण वाचसान?"

"हो."

"पण गैरहजरच येईन ना."

"येऊ दे."

"मंग वाचायचं कायले?"

"यादीत पहिलं आहे म्हणून," मी म्हटलं. तिनं थोडा विचार केला, आणि पिंजऱ्यावरचा कपडा धरून माझ्यासोबत जीपपर्यंत आली.